क्लॅरिनेट कपाटावरून खाली काढा, सर

ताई, नमस्कार.

मी नागपुरातल्या एका खासगी शाळेत बॅन्ड मास्तर आहे. १९ वर्षं झाली, पण नेमणूक अजूनही दरवर्षी जूनमध्ये नव्याने होते. महिन्याला २२ हजार मानधन. माझे वडील लग्नाच्या बॅन्डमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. ते महाल भागातल्या जुन्या घरीच राहतात. वय ७८. दात गेले आणि वाजवणं सुटलं. बायको संगीत विशारद आहे, घरी गाण्याचे क्लास घेते. पोरगी अकरावी सायन्सला आहे. सहावीपासून माझ्याच बॅन्डमध्ये होती, क्लॅरिनेट वाजवते. बाप म्हणून नाही, मास्तर म्हणून सांगतो, तिच्यासारखं फुंकणारं दुसरं पोर माझ्या हाताखालून गेलं नाही.

दरवर्षी जूनमध्ये पालक येतात. "सर, यंदा दहावी आहे, आता बॅन्ड बंद." तीन-तीन वर्षं घासून तयार केलेलं पोर एका वाक्यात जातं. रोजच्या अर्ध्या तासाने कोणाची दहावी बिघडत नाही, हे मी जीव तोडून सांगतो. कोणी ऐकत नाही.

पोरीची दहावी झाली तेव्हा मी ठरवलं, आता दोन वर्षं फक्त जेईई. क्लॅरिनेट पेटीत घालून कपाटावर ठेवलं. ती काही बोलली नाही. मागच्या महिन्यात कळलं, की कोचिंग सुटल्यावर ती आजोबांकडे महालात जाते आणि त्यांच्या जुन्या क्लॅरिनेटवर वाजवते. बायकोला हे माहीत होतं. पोरीला विचारलं, तर म्हणे मला वायुसेनेच्या बॅन्डमध्ये जायचंय. वडिलांना जाब विचारला, तर म्हणाले, "तूच तं शिकवलं तिले. आता काहून रोकून राहिला?"

ताई, या लाइनीत काय आहे ते मी पाहिलंय. वडील भर मे महिन्यात लाल कोट घालून वरातीपुढे चालले. मी शिकलो, शाळेत लागलो, तरी शिपायाचा पगार माझ्याहून जास्त आहे. रात्री उजव्या कानात शिट्टी वाजते, झोप येत नाही. तिच्या वाट्याला हे येऊ नये एवढंच म्हणतो, तर घरात तिघंही माझ्याशी धड बोलत नाहीत. मी चुकतोय का?

– बॅन्ड मास्तर, नागपूर

सर, नमस्कार.

तुमच्या पत्रातला दुसरा आणि तिसरा परिच्छेद पुन्हा एकदा लागोपाठ वाचा. दुसऱ्यात 'आता बॅन्ड बंद' म्हणणाऱ्या पालकांवर तुम्ही चिडला आहात. तिसऱ्यात तुम्ही घरी तेच केलंत. त्या पालकांनी निदान येऊन सांगितलं तरी. तुम्ही नुसतीच पेटी उचलून कपाटावर ठेवलीत. या दोन परिच्छेदांच्या मधे तुम्ही श्वाससुद्धा घेतला नाहीत, आणि फुंकणाऱ्या माणसाला श्वास कुठे घ्यायचा हे मी सांगणं बरं दिसत नाही.

चुकताय का? मुलीच्या बाबतीत, हो. पण तुमचं पत्र मुलीबद्दल फार कमी आहे. मानधन, दरवर्षीचं नेमणूकपत्र, वडिलांचा कोट, कानातली शिट्टी, हे सगळं तुमचं आहे. मुलीने क्लॅरिनेटबद्दल विचारलं आणि तुम्ही तिला पगाराचं उत्तर दिलंत. तुमची तक्रार खोटी आहे असं मी अजिबात म्हणत नाही. ती खरी आहे, म्हणूनच ती योग्य माणसांकडे जायला हवी. सोळा-सतरा वर्षांच्या पोरीकडे नाही. म्हणून आधी तुमचं बघू, मग तिचं.

मी शाळेत मुख्याध्यापिका होते, त्यामुळे बॅन्ड मास्तरांना टेबलाच्या पलीकडून पाहिलंय. संस्थेला बॅन्ड म्हणजे दागिना वाटतो आणि बॅन्ड मास्तर म्हणजे खर्च. पाहुणे फाटकातून स्टेजपर्यंत चालत येतात ती पाच मिनिटं सगळ्यांना दिसतात. त्यामागची जिन्याखालची कुलूपबंद खोली कोणाला दिसत नाही. पोचे गेलेला युफोनियम, अडकणारा ट्रम्पेटचा व्हॉल्व्ह आणि त्यासाठी स्वतःच्या खिशातून आणलेलं तेल, चार पोरांत एक माउथपीस म्हणून डेटॉलच्या पाण्याची बादली, बेस ड्रमचं फाटलेलं चामडं, 'पुढच्या सत्रात बघू' म्हणून परत आलेला मेरठच्या वाद्यांचा कोटेशनचा कागद. राष्ट्रगीत साधारण ५२ सेकंदांत बसलं पाहिजे. सातवीतल्या साइड ड्रमवाल्याचा हात पळत असतो, आणि त्याला मागे ओढणारा हात तुमचा. कस्तुरचंद पार्कवर २६ जानेवारीच्या सकाळी पितळ गार पडलेलं असतं आणि सूर उतरलेला असतो. तीच वाद्यं जूनमध्ये पत्र्याखालच्या खोलीत चढतात. हे सगळं जुळवणाऱ्या माणसाची संस्थेच्या हजेरीपटावर 'कार्यानुभव' किंवा 'इतर' अशी नोंद असते. आणि अर्धा बॅन्ड दर जूनला जातो, तेव्हा पुन्हा सहावीतल्या पोरांच्या पहिल्या 'भों' पासून सुरुवात.

आता पैशाचं. शिक्षकांना ग्रॅच्युइटी मिळते की नाही यावर फार वर्षं वाद होता. २००९ च्या दुरुस्तीने शिक्षक ग्रॅच्युइटीच्या तेव्हाच्या कायद्यात आले, तेही एप्रिल १९९७ पासून. खासगी शाळा त्याविरुद्ध कोर्टात गेल्या, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती कायम ठेवली. हिशेब सोपा आहे: शेवटचा मासिक पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं. २२ हजार आणि १९ वर्षं धरली तर दोन लाख ४१ हजारांच्या आसपास. संस्था म्हणेल, हे मानधन आहे, पगार नाही. दर जूनला नवी नेमणूक आहे, सलग सेवा नाही. संस्थेने म्हटलं म्हणून तसं ठरत नाही. मे महिन्यात सुट्टी दाखवून जूनला तोच माणूस, तेच काम, तीच खोली, असं १९ वेळा झालं असेल, तर त्याला सलग सेवा म्हणायचं की नाही हे कागद बघून ठरतं. म्हणून कागद गोळा करा. सगळी नेमणूकपत्रं, पगार जमा झालेलं बँकेचं पासबुक, मे महिन्यातल्या उन्हाळी शिबिराच्या सूचना, बॅन्ड बाहेर नेला तेव्हाची मुख्याध्यापकांच्या सहीची पत्रं, २६ जानेवारीचे फोटो. एक फाइल करा आणि कामगार कायद्याची प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलाला दाखवा. शाळेतल्या सहकाऱ्याच्या ओळखीतल्या, 'होऊन जाईल सर' म्हणणाऱ्या वकिलाला नको. त्याच भेटीत खासगी शाळांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा राज्याचा कायदा तुम्हाला लागू होतो का आणि पीएफ कापायला हवा होता का, हेही विचारून घ्या.

संस्थेशी बोलायला जाल तेव्हा 'माझ्यावर अन्याय होतोय'ने सुरुवात करू नका. ते वाक्य ऐकायची त्या खुर्चीला सवय झालेली असते. मानधन वाढवा असंही पहिल्यांदा म्हणू नका. शिक्षण आणि संरक्षण मंत्रालयं मिळून दरवर्षी शाळांची राष्ट्रीय बॅन्ड स्पर्धा घेतात, अंतिम फेरी प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास दिल्लीत होते, मुलींच्या ब्रास बॅन्डचा गट वेगळा असतो. त्याचं परिपत्रक टेबलावर ठेवा. मुलींचा ब्रास बॅन्ड उभा करायचा तर काय लागेल याची यादी द्या: किती वाद्यं, किती तास, दुरुस्तीचा वार्षिक खर्च. त्या यादीत स्वतःचं पद आणि वेतन ही एक ओळ ठेवा. संस्थाचालकांना स्पर्धेची ढाल आवडते, हे मी अनुभवावरून सांगते. ढालीच्या निमित्ताने पगाराची ओळ वाचली जाते.

कानाचं मात्र वकिलाइतकंही लांबवू नका. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास, ही कामाच्या जागी सुरक्षित धरलेली मर्यादा आहे. आवाज तीन डेसिबलने वाढला की वेळ निम्मी करायची. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. बंद खोलीत दहा ट्रम्पेट, चार साइड ड्रम आणि एक बेस ड्रम एकदम सुरू झाल्यावर आवाज किती होतो, हे सांगायला यंत्र लागत नाही. तुमची शिट्टी उजव्या कानात आहे. ड्रमची रांग तुमच्या उजव्या हाताला उभी असते का, बघा. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागात जाऊन ऑडिओमेट्री करून घ्या. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही, पण उरलेलं सांभाळता येतं. वादकांसाठीचे इअरप्लग मिळतात, त्यात सूर मातकट होत नाही, नुसता आवाज उतरतो. सराव शक्यतो मैदानावर घ्या, खोलीत घ्यावाच लागला तर ड्रम आणि पितळ वेगवेगळ्या वेळी. पोरांचेही कान तेच आहेत.

इथपर्यंतचं सगळं तुमचं. यातलं मुलीच्या क्लॅरिनेटशी काहीही संबंधित नाही, आणि ते तिच्या खात्यावर लिहायचं नाही.

आता वडिलांच्या कोटाबद्दल. तो कोट तुम्हाला बोचतो, हे कळतं. भर मे महिना, ४५ डिग्री, डोक्यावर झिरमिळ्यांची टोपी, अंगात जाड लाल कोट, पुढे नाचणारे, मागे जनरेटरची हातगाडी, आणि रात्री पंगत उठल्यावर मागच्या दाराला ताट. सीझन संपला की चार महिने हात रिकामे. त्यात मग धुमाल आला. ट्रकवरच्या कीबोर्ड आणि ढोलांपुढे क्लॅरिनेट ऐकायला कोण उभं राहणार? हे हाल खरे आहेत. पण बारकाईने बघा, तुमच्या वडिलांचे हाल कशाने झाले? ठरलेल्या पगाराशिवाय राबल्याने, मानपान नसल्याने, सीझनच्या भरवशाने. क्लॅरिनेटने नाही. तुम्ही शाळेत आलात तेव्हा सीझनचा भरवसा सुटला, पण बाकीचे दोन तुमच्या मागोमाग आले. म्हणून तुम्हाला वाटायला लागलं, की ते वाद्यातच असतात.

वडिलांना कधी विचारलंत का, त्यांना काय आठवतं? माझा अंदाज, त्यांना कोट कमी आठवत असेल आणि वाजवणं जास्त. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबतीपुढे, रामनवमीच्या शोभायात्रेत महालातून नेलेली एखादी चाल, जिथे गर्दी दोन मिनिटं नाचायची थांबली. तुमचा अनुभव त्यांच्या नावावर जमा करू नका. ते स्वतः वऱ्हाडीत स्पष्ट बोललेत, 'काहून रोकून राहिला', आणि त्यांनी ते फुकट म्हटलेलं नाही. क्लॅरिनेटला वरचे दात माउथपीसवर टेकावे लागतात आणि खालचा ओठ खालच्या दातांवर मुडपावा लागतो. तोंडात दात नाहीत म्हणजे पकड नाही. माणसाची फुंक शाबूत, बोटं शाबूत, आणि वाजवता येत नाही. अशा म्हाताऱ्याच्या घरी नात येऊन त्याचं वाद्य वाजवते. तुम्ही त्यांना जाब विचारलात, तो जाब परत घ्या. माफीबिफी मागायची गरज नाही. संध्याकाळी जाऊन बसा, आणि ती वाजवत असेल तेव्हा मधे सूचना देऊ नका. तुमच्यासारख्या मास्तरांना ते अवघड जाईल.

मुलीने चोरून केलं, याचा राग मला तुमच्या पत्रात दिसला. कोचिंग बुडवून ती गेली असती, तर तो राग बरोबर होता. ती कोचिंग सुटल्यावर गेली. तिच्या टेस्टचे मार्क घसरले, असं तुम्ही कुठे लिहिलेलं नाही. घसरले असते तर पत्राची सुरुवातच तिथून झाली असती. शिवाय तिने निवडलेली जागा बघा. मैत्रिणीचं घर नाही, अंबाझरी-फुटाळ्याचा काठ नाही, आजोबांची खोली. आईला सांगून. याला चोरून म्हणायचं असेल तर म्हणा. तुमच्याकडून लपवण्याचं कारण तुम्हीच होतात, कारण पेटी कपाटावर गेली त्या दिवशी तिच्याशी बोलणं झालंच नाही.

बायकोचं. त्यांनी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर महालातलं क्लॅरिनेटही बंद झालं असतं. त्यांनी मुलीची बाजू घेतली असा त्याचा अर्थ लावू नका. त्या स्वतः विशारदपर्यंत शिकल्या, म्हणजे प्रारंभिकपासून वर्षानुवर्षं गांधर्वच्या परीक्षा दिल्या, आणि आज घरी क्लास घेतात. तुमच्या पत्रात त्यांच्या क्लासला एक ओळ आहे आणि तुमच्या मानधनाला तीन. या घरात संगीतावर दोन पगार येतात, सर. दुसऱ्याचा हिशेब तुम्ही धरलेला नाही.

आता वायुसेना. मुलीने हे स्वप्न हवेतून आणलेलं नाही. नागपूरच्या पोरीने वायुसेनेचं नाव घ्यावं यात आश्चर्य काय. वायुसेनेच्या अनुरक्षण कमानचं (मेंटेनन्स कमांडचं) मुख्यालय आपल्या वायुसेनानगरात आहे. संगीतकारांची भरती सध्या अग्निवीरवायू (म्युझिशियन) या नावाने होते. २०२४ च्या जाहिरातीत अविवाहित मुलगे आणि मुली दोघांनाही अर्ज करता येत होता, शिक्षणाची अट दहावी पास, वय साधारण साडेसतरा ते २१. वाद्यांत क्लॅरिनेट आहे. १.६ किलोमीटर धावण्यासारख्या शारीरिक चाचण्या आहेत, वैद्यकीय तपासणी आहे. प्रत्येक जाहिरातीत तारखा आणि अटी बदलतात, म्हणून जुन्या कात्रणावर विसंबू नका, अधिकृत संकेतस्थळच बघा.

पैसे असे: पहिल्या वर्षी महिन्याला ३० हजार, चौथ्या वर्षी ४० हजार, त्यातले ३० टक्के दर महिन्याला कापून निधीत जातात, सरकार तेवढीच भर घालतं, आणि चार वर्षांनी दहा लाखांच्या थोडी वर रक्कम व्याजासह हातात येते. तुम्ही आज घेताय त्याच्याशी पहिल्या महिन्याचा आकडा ताडून बघा. पण दुसरी बाजू तिला तुम्हीच सांगा, गोड न करता: चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के जणांना पुढे कायम ठेवतात. म्हणजे चारांतले तीन घरी येतात. ती आली तर बाविशीत असेल, हाताशी पैसे असतील, चार वर्षांचा रोजचा रियाज असेल, आणि पुढे काय हा प्रश्न असेल. म्हणून बारावी सायन्स सोडायची नाही, यात मी तुमच्या बाजूने आहे, आणि ठाम आहे. बारावीच्या मार्कांवर इंजिनिअरिंगचं दार उघडं राहतं, आणि नोकरीत असताना इग्नूची पदवी करता येते. जेईई द्यायची की नाही, हे तिने ठरवावं. ती द्यायला तयार असेल तर उत्तम. फक्त 'जेईई दे मग क्लॅरिनेट देतो' असा सौदा करू नका. तो सौदा ती पाळेल आणि तुम्हाला कधी विसरणार नाही.

तुमच्या इतर पोरांसाठीही सांगून ठेवते, कारण जूनमध्ये पालक विचारतील, 'याचं पुढे काय, सर?' राज्य पोलिसांच्या भरतीत बॅन्ड्समनची पदं वेगळी निघतात. लष्कराचं संगीताचं प्रशिक्षण पचमढीला होतं, इथून एका रात्रीच्या प्रवासावर. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रेड परीक्षा भारतात देता येतात आणि त्यात क्लॅरिनेट-ट्रम्पेट आहेत. फार मोठी यादी नाही ही. पण 'काहीच नाही' म्हणण्याइतकी लहानही नाही, आणि आजवर पालकांना सांगताना तुम्ही नुसतं 'अर्ध्या तासाने बिघडत नाही' एवढंच म्हणत आलात. बापाला पोराचा अर्धा तास नको असतो, पुढचं पाऊल हवं असतं.

त्या भरतीच्या चाचणीकडे परत येते, कारण तिथे मला तुमचं घर दिसलं. उमेदवाराला नुसतं वाजवून भागत नाही. लयीत आणि सुरात एक पूर्ण गाणं गाऊन दाखवायचं असतं, कानावर पडलेला अनोळखी स्वर गळ्यातून किंवा वाद्यातून काढायचा असतो, आणि स्टाफ नोटेशन किंवा हिंदुस्थानी स्वरलिपी, कुठली तरी एक लिपी वाचता यावी लागते. बॅन्डमध्ये वाढलेली पोरं इथेच अडतात. बोटं पळतात, गळा मुका. तुमच्या घरी विशारद बाई आहे. मुलीने आईच्या क्लासला बसावं, इतर मुलींच्या रांगेत, फी न देता का होईना पण वेळेवर. आणि एक गंमत, जी तुम्हाला सांगायची गरज नाही पण वाचकांना सांगते: बॅन्डमधलं नेहमीचं क्लॅरिनेट बी-फ्लॅटचं असतं, म्हणजे त्याचा साधा 'सा' हार्मोनियमवरच्या काळी पाचला येतो. पुष्कळ बायका काळी चार-पाचच्या आसपासच गातात. आई काळी पाचला तानपुरा लावून बसली, तर मुलीला बोटं बदलावी लागत नाहीत. आईच्या एका आलापामागून क्लॅरिनेटने तोच आलाप काढायचा, मींडेसकट, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत. मींड शिकायला मात्र महालातच जावं लागेल; लग्नाच्या बॅन्डमधल्या जुन्या क्लॅरिनेटवाल्यांची घसरती बोटं कोणत्याही ग्रेडच्या पुस्तकात लिहिलेली नाहीत. आजोबा वाजवू शकत नसले तरी 'असं नाही, बोट उचलू नको, सरकव' हे म्हणू शकतात. स्टाफ नोटेशन तुमच्याकडे. तेवढंच. तिचे मास्तर तुम्ही पाच वर्षं होतात, आता थोडा वेळ दुसऱ्यांना द्या.

वसंतराव देशपांडे नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकले आणि पुढे पुण्याला लष्करी हिशेबाच्या कचेरीत कितीतरी वर्षं कारकुनी केली, हे तुम्हाला माहीत असेलच. नोकरी की गाणं, असं त्यांना कोणी एका झटक्यात निवडायला लावलं नाही. आणि दोन्ही एकदम करण्यात माणूस किती पिळून निघतो, तेही त्यांच्याकडे बघून कळतं. तुमच्या मुलीला ही ओढाताण चुकणार नाही. सतराव्या वर्षी ती संपवूनच टाकायची, असा हट्ट नको.

या आठवड्यात करायची कामं. स्टूल घ्या आणि पेटी खाली काढा. क्लॅरिनेट लाकडी असेल तर आधी ते तपासा: आपल्याकडे उन्हाळ्यात छताजवळची कोरडी झळ आणि रात्री कूलरची ओल, या दोन्हींच्या मधे लाकूड तडकतं. सांध्यांचे कॉर्क सुकले असतील, ग्रीस लावा. पॅड बघा. एबोनाइटचं असेल तर काळजी कमी, पण त्याचीही जागा कपाटावर नव्हे. दुरुस्त करून मुलीच्या हातात द्या. भाषण करू नका. तिने विचारलं तर एवढंच सांगा, की रोज पाऊण तास, त्यातली पहिली दहा मिनिटं लांब स्वर, आणि कोचिंगच्या टेस्टच्या आदल्या दिवशी सुट्टी. शनिवारी महालात. तिचेही कान एकदा तपासून घ्या, सहावीपासून ती तुमच्याच खोलीत वाजवतेय आणि वैद्यकीय तपासणीत ऐकू येणं बघतात.

आणि येत्या जूनमध्ये 'दहावी आहे, सर' म्हणत पालक आले, की त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना मुलीचं वेळापत्रक दाखवा, अकरावी सायन्सचं, कोचिंगसकट, पाऊण तासासकट. पटलं तर पटलं.

कानाचा रिपोर्ट आला की कळवा. बाकीचं नाही कळवलंत तरी चालेल.